समुद्राचे पाणी आणि मिठाचे पाणी

तंजावूर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हे गाव कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातशेतीच्या मुलखात वसले आहे. तेथील मुक्तांबाळ छत्र हे दुसऱ्या सरफोजी राजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) काळातील आहे. गावाच्या दक्षिणेस पट्टुकोट्टै ओलांडले की अदिरामपट्टिनमचा किनारा लागतो. त्याच किनारपट्टीवर पूर्वेस वेदारण्यम आहे. तेथे १९३० साली राजगोपालाचारींच्या नेतृत्वाखाली मिठाचा सत्याग्रह झाला. अशा गावी कोणी काचेच्या पेटीत समुद्रातील मासे पाळू इच्छील, तर गोड्या पाण्यात मिठागरातील मीठ विरघळविले म्हणजे समुद्राचे पाणी सिद्ध होईल, असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही समजूत माशांच्या जिवावर बेतते.

एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९.४, सोडियम १०.८, सल्फेट २.७ व मॅग्नेशियम १.३ ग्रॅम असून कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम असतात. ‘चॅलेंजर’ जहाजाने जगातील महासागरांतून आणलेल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार यांनी १८८४ साली प्रसिद्ध केले. खारटपणा कमीअधिक असला तरी या प्रमुख घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ कायम राहते, हे त्यावरून सिद्ध झाले.

मिठागरात नेमके हेच प्रमाण मोडते. उन्हाने पाणी आटू लागले की प्रथम कॅल्शियमचे क्षार तळाशी बसतात. मूळ पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा उरला म्हणजे खाण्याच्या मिठाचे खडे जमतात. मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचा बहुतेक भाग उरलेल्या कडवट पाण्यात राहतो. हे पाणी काढून टाकल्यामुळेच मीठ चवीस चांगले लागते. पण माशांना जे हवे असते, तेही त्याबरोबरच जाते.

याचा परिणाम जाक लोब या शास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास दाखवून दिला. फंड्युलस या लहान माशाची अंडी समुद्राइतक्याच खारट, परंतु केवळ शुद्ध मिठाच्या द्रावणात ठेवली असता ती मेली. त्यात कॅल्शियमचा क्षार अल्प प्रमाणात घालताच त्यांची वाढ होऊ लागली.

म्हणून सागरी मत्स्यपेटीसाठीच तयार केलेले, सर्व प्रमुख घटक असलेले क्षारमिश्रण निवडावे. गोड्या पाण्यातील माशांसाठी विकले जाणारे मीठ या कामी निरुपयोगी होय. पाणी शक्यतो गाळणयंत्रातून क्षारमुक्त केलेले असावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांस घातक असते. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावे व मग ढवळीत थोडेथोडे मिश्रण घालावे. मिश्रणावर पाणी ओतल्यास आरंभीच्या तीव्र द्रावणात कॅल्शियमचा काही अंश चुनखडीच्या रूपाने खाली बसतो. लिटरमागे बहुधा ३५ ते ४० ग्रॅम मिश्रण लागते. मात्र अंतिम निर्णय मोजमापानेच करावा. २५ अंश सेल्सियस तपमानास विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ भरले पाहिजे. त्यानंतर एक दिवस पाण्यात हवा खेळवून मगच ते पेटीत घालावे.

तंजावूरच्या उन्हाळ्यात पेटीतील पाणी झपाट्याने आटते. आटते ते केवळ पाणी. क्षार मागेच राहतात. म्हणून घट भरून काढताना क्षारमुक्त गोडे पाणीच घालावे. पेटीतील पाणी काढून बदलावयाचे असेल, तेव्हाच नव्याने सिद्ध केलेले खारे पाणी वापरावे.