वजन घटविताना पाणी किती प्यावे? : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :
लठ्ठपणा हा आज केवळ संपन्न वर्गाचा प्रश्न राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अतिवजन अथवा लठ्ठ या गटात मोडतात. बैठे काम, अनियमित जेवण आणि दिवसातून अनेकदा होणारा चहा यांमुळे अध्यापकवर्गही या प्रश्नापासून दूर नाही. वजन घटविण्याचा संकल्प करणाऱ्या व्यक्तीस सर्वप्रथम मिळणारा सल्ला बहुधा पाण्याविषयीचा असतो. सकाळी उठताच दोन तांबे पाणी प्यावे, दिवसभरात चार-पाच लिटर पाणी प्यावे, म्हणजे चरबी आपोआप वितळते, अशी समजूत सर्वत्र आढळते. या समजुतीत तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘आठ पेले’ या नियमाचा उगम :
दररोज आठ पेले पाणी प्यावे, हा नियम सर्वपरिचित आहे. त्याचे मूळ अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने १९४५ मध्ये केलेल्या एका शिफारशीत असावे, असे मानले जाते. आहारातील प्रत्येक किलोकॅलरीमागे एक मिलिलिटर पाणी, असे प्रमाण त्या मंडळाने सुचविले होते. मात्र यांपैकी बहुतांश पाणी तयार अन्नातूनच मिळते, असेही तेथे नमूद होते. पुढे नियम लोकांच्या स्मरणात राहिला आणि त्यासोबतचा खुलासा विस्मरणात गेला. हाइन्झ व्हाल्टिन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने २००२ मध्ये उपलब्ध वाङ्मयाचा आढावा घेतला, तेव्हा समशीतोष्ण प्रदेशात बैठे जीवन जगणाऱ्या निरोगी प्रौढांसाठी या नियमास शास्त्रीय आधार आढळला नाही.

अमेरिकेतील वैद्यक संस्थेने २००४ मध्ये स्त्रियांसाठी सुमारे २.७ लिटर व पुरुषांसाठी सुमारे ३.७ लिटर हे एकूण पाण्याचे पुरेसे प्रमाण मानले. ‘एकूण’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वरण, आमटी, भाजी व फळे यांतील पाणी, तसेच ताक व चहा हे सर्व त्यात समाविष्ट आहे. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, पाच हजार सहाशेहून अधिक व्यक्तींवरील अभ्यासातही वय, शरीराचे आकारमान, श्रम आणि हवामान यांनुसार पाण्याची उलाढाल मोठ्या प्रमाणात बदलते, असे दिसून आले. सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा सांगता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

पाण्याने चरबी वितळते काय? :
२००३ मध्ये बर्लिन येथील संशोधकांनी अर्धा लिटर पाणी प्यायल्यानंतर चयापचयाचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, असा निष्कर्ष मांडला. तथापि या वाढीतून खर्च होणारी एकूण ऊर्जा त्यांच्याच हिशेबाने सुमारे २४ किलोकॅलरी, म्हणजे साधारण एक चमचाभर साखरेइतकी होती. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांना साध्या तापमानाच्या पाण्याने अशी वाढ आढळली नाही. ३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेल्या पाण्याने ती जेमतेम साडेचार टक्के झाली.

साध्या गणितानेही हेच दिसते. शीतकपाटातील १० अंशांचे दोन लिटर पाणी शरीराच्या ३७ अंशांपर्यंत आणण्यास सुमारे ५४ किलोकॅलरी उष्णता लागते. एका मध्यम पोळीतून मिळणारी ऊर्जा याहून अधिक असते. शिवाय मराठवाड्यातील उन्हाळ्यात शरीराला उष्णता बाहेर टाकायचीच असते. अशा वेळी थंड पाणी ही नको असलेली उष्णता शोषून घेते; त्यासाठी शरीराला वेगळी चरबी जाळावी लागत नाही. एक किलोग्रॅम मेदात सुमारे ७७०० किलोकॅलरी साठविलेल्या असतात, हे लक्षात घेता केवळ पाण्याने मेद घटविण्याची कल्पना टिकत नाही.

याच संदर्भात वजनकाट्याविषयीचा एक गैरसमजही दूर व्हावयास हवा. यकृत व स्नायूंत साठविलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. आहार कमी करताच हा साठा खर्च होतो आणि पहिल्याच आठवड्यात वजन वेगाने उतरते. ही घट प्रामुख्याने पाण्याची असते. म्हणूनच पुढील आठवड्यांत वेग मंदावला, तर निराश होण्याचे कारण नाही. याउलट, काटा कमी दिसावा म्हणून पाणी तोडणे हे निरर्थक व अपायकारक आहे.

जेवणापूर्वीचे पाणी :
जेवणाच्या आरंभी पाणी पिणारा कृश, मध्ये पिणारा सम आणि शेवटी पिणारा स्थूल होतो, असे मत वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात नोंदविले आहे. यातील मध्य आणि अंत यांविषयीचे प्रतिपादन आधुनिक प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. परंतु आरंभाविषयीच्या निरीक्षणाशी जुळणारे काही पुरावे मात्र उपलब्ध आहेत.

२०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ ते ७५ वयोगटातील ४८ व्यक्तींना बारा आठवडे मर्यादित ऊर्जेचा आहार देण्यात आला. त्यांपैकी ज्यांनी प्रत्येक मुख्य जेवणापूर्वी अर्धा लिटर पाणी घेतले, त्यांचे वजन इतरांपेक्षा सुमारे दोन किलोग्रॅम अधिक घटले. २०१५ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे ८४ लठ्ठ प्रौढांवर झालेल्या अभ्यासात जेवणापूर्वी अर्धा तास पाणी पिणाऱ्यांमध्ये ही अधिकची घट सुमारे १.३ किलोग्रॅम होती. जठर काहीसे भरल्याने अन्न कमी घेतले जाते, हे यामागील संभाव्य कारण होय. तरुणांमध्ये मात्र हा परिणाम तितकासा आढळत नाही. लाभ आहे, पण तो माफक आहे आणि आहारनियंत्रणाची जोड असेल तरच आहे, असे म्हणणे रास्त ठरेल.

पाणी कशाची जागा घेते? :
पाण्याचा खरा उपयोग येथे आहे. दोन चमचे साखरेच्या एका कप चहातून केवळ साखरेच्या सुमारे ४० किलोकॅलरी मिळतात. महाविद्यालयीन दिवसात असे चार कप झाले, तर तो आकडा १६० वर जातो. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण १२० ते १३० किलोकॅलरी असतात. पेयातून आलेल्या या ऊर्जेने पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही, त्यामुळे पुढील जेवण तितकेच राहते. यांपैकी दोन-तीन पेयांच्या जागी पाणी आले, तर पाण्याच्या उष्णतेच्या गणितातून मिळतो त्याहून कितीतरी अधिक लाभ होतो.

महाराष्ट्रात लोकप्रिय झालेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारपद्धतीकडेही या दृष्टीने पाहता येते. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून प्रेरणा घेतलेल्या या पद्धतीत दिवसातून दोनच जेवणे, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत घ्यावयाची असतात. मधल्या काळात भूक लागल्यास पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा अशा मोजक्याच गोष्टींची मुभा असते. या पद्धतीविषयी आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत. तथापि तीतील पाण्याचे कार्य चरबी वितळविण्याचे नसून फरसाण, बिस्किटे व गोड चहा यांची जागा घेण्याचे आहे, हे सहज लक्षात येते.

स्थानिक परिस्थिती :
छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. हवा कोरडी असल्याने घाम त्वचेवरच सुकतो आणि शरीरातून गेलेल्या पाण्याचा अंदाज येत नाही. वजन घटविण्यासाठी सकाळी अथवा सायंकाळी चालावयास जाणाऱ्यांनी ही बाब विशेषत्वाने ध्यानात घ्यावी. उन्हाळ्यात पाणी वाढवावयाचे ते मेदासाठी नव्हे, तर घामाच्या भरपाईसाठी.

दुसरी बाब स्त्रियांशी निगडित आहे. स्वच्छ प्रसाधनगृहाच्या अभावी अनेक विद्यार्थिनी व महिला कर्मचारी दिवसभर पाणी टाळतात. त्यातून मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका संभवतो. तेव्हा जास्त पाणी प्या, असे सांगणाऱ्या संस्थेने आधी प्रसाधनगृहाची व शुद्ध पाण्याची सोय पाहणे आवश्यक ठरते.

अतिरेकाचे धोके :
निरोगी मूत्रपिंडे तासाला साधारण ०.८ ते १ लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. अल्पावधीत याहून अधिक पाणी घेतल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. डोकेदुखी, मळमळ, संभ्रम व क्वचित प्राणसंकटही ओढवते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले होते. शर्यतीत अति द्रव घेणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. हृदयविकार अथवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना पाण्याचे प्रमाण वाढवू नये.

निष्कर्ष :
१) वजन घटविण्यासाठी पाण्याचे स्वतंत्र असे प्रमाण शास्त्राने ठरविलेले नाही. बैठे काम करणाऱ्या निरोगी प्रौढास सर्व पेये धरून स्त्रियांसाठी सुमारे २ ते २.५ लिटर व पुरुषांसाठी २.५ ते ३ लिटर हे स्थूलमान पुरेसे मानावे. ऊन व श्रम यांनुसार त्यात वाढ करावी.
२) तहान आणि लघवीचा फिकट पिवळा रंग या दोन खुणा कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक विश्वसनीय आहेत. वृद्धांमध्ये तहानेची जाणीव मंदावते. त्यांनी वेळ ठरवून पाणी घ्यावे.
३) मुख्य जेवणापूर्वी अर्धा तास दोन पेले पाणी घेणे, ही निरोगी व्यक्तीसाठी सुरक्षित व बिनखर्चाची सवय आहे.
४) गोड चहा, शीतपेये व रस यांच्या जागी पाणी घेणे, हा पाण्याचा वजन घटविण्यातील सर्वांत मोठा वाटा होय.
५) ताटातील अन्न आणि दिवसातील हालचाल यांत बदल न करता केवळ पाणी वाढविल्याने लठ्ठपणा कमी होत नाही. चार-पाच लिटरचे उद्दिष्ट गाठण्यात समाधान मानणारी व्यक्ती मूळ उपायाकडे दुर्लक्ष करण्याचा संभव असतो. या समजुतीपासून होणारी खरी हानी हीच आहे.