धंद्यासाठी पहिली मोटारसायकल घेताना

कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडे बाजार करणारा व्यापारी असो, घरोघरी नळजोडणीची कामे करणारा कारागीर असो की पहाटे दुकानोदुकानी पाव पोचविणारा बेकरीवाला असो, आज ना उद्या दुचाकीची गरज भासतेच. एस.टी.ची वाट पाहण्यात अर्धा दिवस जातो आणि रिक्षाचे भाडे नफा खाऊन टाकते. मात्र पहिली गाडी घेताना पुष्कळ जण रंग, आवाज आणि मित्राची शिफारस एवढेच पाहतात. जो नुकताच गाडी शिकत आहे आणि ज्याचे भांडवल बेताचे आहे, त्याने पुढील गोष्टींचा हिशेब आधी करावा.

गाडीचे वजन

नवशिक्याला गाडी जड जाते ती वेगात नव्हे, तर थांबताना, वळविताना आणि बाजाराच्या गर्दीत हळू चालविताना. १०० सीसीच्या साध्या गाडीचे वजन ११० ते १२० किलो असते. १५० सीसीची गाडी १५० किलोच्या आसपास जाते, तर ३५० सीसीची बुलेट सुमारे १९५ किलोची आहे. शोरूममध्ये गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात का ते पाहावे. इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावले मागे ढकलून पाहावी. दम लागत असेल तर ती गाडी तूर्त आपली नव्हे.

माल किती नेणार?

लहान गाड्यांची भारक्षमता साधारण १३० ते १५० किलो असते. त्यात चालविणाराही आला. ७० किलोचा मालक आणि ६० किलोचा कामगार बसला की १३० किलो तेथेच भरले. मग हत्यारांच्या पेटीला जागा उरत नाही. नेमका आकडा कंपनीच्या माहितीपुस्तिकेत मिळतो, तो पाहूनच गाडी निवडावी. ओझे मागे व उंच बांधले की पुढचे चाक हलके होते आणि हँडल हातात राहत नाही. म्हणून माल खाली, दोन्ही बाजूंना सारखा बांधावा आणि मागच्या टायरची हवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वाढवावी.

इंधनाचा खर्च

दररोज ४० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस धरल्यास १,०४० किलोमीटर होतात. लिटरला ६० किलोमीटर देणाऱ्या गाडीला सुमारे १७ लिटर पेट्रोल लागेल, ३५ देणाऱ्या गाडीला सुमारे ३० लिटर. लिटरचे शंभर रुपये धरले तरी महिन्याला बारा-तेराशे रुपयांचा फरक पडतो. वर्षाचे पंधरा हजार झाले. हिरो स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली आणि आजही खेड्यापाड्यांत चालते, याचे कारण हेच. शिवाय तिचे सुटे भाग व मिस्त्री तालुक्याच्या गावी सहज मिळतात. गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये पडली तर धंदाही आठ दिवस पडतो, हे विसरू नये.

हप्त्यांचे गणित

जाहिरातीतील किंमत म्हणजे एक्स-शोरूम किंमत. नोंदणी, रस्ता कर आणि विमा धरून रस्त्यावर येईपर्यंत किती पडते, तेच विचारावे. हप्त्याने घेणाऱ्याने ‘फ्लॅट’ या शब्दापासून सावध राहावे. समजा, ६० हजारांचे कर्ज १२ टक्के फ्लॅट दराने तीन वर्षांसाठी घेतले. व्याज २१,६०० रुपये आणि महिन्याचा हप्ता सुमारे २,२६७ रुपये होतो. मुद्दल दर महिन्याला घटत असूनही व्याज पूर्ण ६० हजारांवर लागत राहते. त्यामुळे घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर सुमारे २१ टक्के पडतो. ज्यांना व्याजाचा व्यवहार मुळातच नको, त्यांनी वर्षभर बचत करून चांगली जुनी गाडी रोखीने घ्यावी, हा मार्ग खुला आहे.

जुनी गाडी आणि कागदपत्रे

जुनी गाडी घेताना ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा. आर.सी. पुस्तकावरील इंजिन व चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ घ्यावा. फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. खरेदीदाराने ३० दिवसांत आर.टी.ओ.कडे गाडी आपल्या नावावर करून घ्यावी आणि विमा बदलून घेण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. केवळ स्टॅम्पपेपरवर भागवू नये. विकणाऱ्यासाठीही हे तितकेच महत्त्वाचे आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की, नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे गाडी विकून पैसे खर्च झाले तरी नाव बदलले नसेल, तर दुसऱ्याच्या अपघाताचा बोजा तुमच्या दुकानावर येऊ शकतो. थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीची चोरी वा मोडतोड भरून मिळत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

लायसन्स आणि ब्रेक

बिनगिअरच्या स्कूटरचे लायसन्स गिअरच्या मोटारसायकलला चालत नाही. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. त्या काळात लायसन्सधारक शिकविणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसविता येत नाही. पहिले आठ दिवस मोकळ्या मैदानात, मालाशिवाय सराव करावा. सायकलच्या सवयीमुळे नवशिके पुढचा ब्रेक दाबायला घाबरतात. वास्तविक ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे सरकतो आणि थांबविण्याचे बरेचसे काम पुढचाच ब्रेक करतो. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवीत दाबावेत. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंतच दोन-तीन दुकाने मागे पडलेली असतात.

शेवटी, गाडीच्या रकमेतून आय.एस.आय. चिन्हाच्या दोन हेल्मेटचे पैसे सर्वांत आधी बाजूला काढावेत. एक आपल्यासाठी आणि दुसरे मागे बसणाऱ्यासाठी. कमावत्या माणसाच्या डोक्याला मार लागला, तर साऱ्या घराची कमाई थांबते.