उलटं करून बघा

आमच्या वाड्यात दुपारच्या वेळी बोहारीण यायची. आईच्या तीन साड्या, बाबांच्या दोन पँटी, आणि त्या बदल्यात स्टीलचं एक पातेलं. एवढ्या व्यवहाराला तासभर घासाघीस चाले. बोहारीण प्रत्येक कपडा आधी उलटा करायची. काखेतली शिवण ताणून बघायची, पँटची बैठक उजेडात धरायची, साडीचा फॉल झिजलाय का ते बोटांनी चाचपायची. तो कपडा दुकानातून कितीला आणला होता, हे मात्र तिनं एकदाही विचारलं नाही.

स्वस्त-महाग कपड्यांबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज कपडा सुलट बाजूने बघण्यातून येतात.

पहिला म्हणजे, “फॅशन स्ट्रीटवरचा माल कुणीतरी उतरवलेला असतो.” मुंबईत आझाद मैदानाला लागून असलेलं असो की पुण्यात कॅम्पातलं, तिथला बराचसा माल नवाच असतो. निर्यातीची ऑर्डर घेणारा कारखाना थोडे कपडे जास्तीचे शिवतो, कारण तपासणीत काही बाद होणार हे त्याला ठाऊक असतं. उरलेले, बाद झालेले आणि ऑर्डर रद्द झाल्यामुळे अडकलेले असे तिन्ही प्रकारचे गठ्ठे बाजारात उतरतात. ब्रँडच्या नावाने विकले जाऊ नयेत म्हणून त्यांचं लेबल अर्धं कापतात. पण म्हणून “लेबल कापलंय म्हणजे अस्सल” हेही खरं नाही. कात्री कुणाकडेही असते. खऱ्या सरप्लसमध्येही एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब निघू शकते. शर्ट मधोमध दुमडून दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवा, लगेच कळतं.

खरोखर वापरलेल्या कपड्यांविषयीची भीती जास्त खोल आहे. दुसऱ्याचा कपडा अंगावर आला की त्याची साडेसाती, त्याचं दुखणंही येतं म्हणे. गंमत म्हणजे हेच लोक तान्ह्या बाळाला आजीच्या जुनेरात गुंडाळतात, कारण शंभरदा धुतलेल्या सुती लुगड्याइतकं मऊ नवं कापड मिळत नाही. साडेसातीचं शनी बघून घेईल, रोगाचं बघू. खरजेचे किडे माणसाच्या त्वचेपासून दूर सहसा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत. ढेकूण चिवट, ते उपाशी राहूनही महिनोन् महिने टिकतात, पण ६० अंशांच्या पाण्यापुढे त्यांचंही काही चालत नाही. म्हणून सुती कपडा कडकडीत पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. लोकर किंवा रेशीम गरम पाण्यात घालू नका, ते ड्रायक्लीनला द्या. आतले कपडे जुने घेऊ नयेत. आणि मॉलमधला नवा शर्टही धुऊनच घाला. ट्रायल रूममध्ये तो तुमच्याआधी किती जणांनी चढवून पाहिला असेल कोण जाणे, शिवाय सुरकुत्या पडू नयेत म्हणून केलेल्या प्रक्रियेत फॉर्मल्डिहाइड असलेली रसायनंही वापरतात.

“महाग ते टिकाऊ” हा सुशिक्षितांचा लाडका समज. किमतीत मॉलचं भाडं आणि जाहिरातही धरलेली असते. मुद्दाम विटवलेली महागडी जीन्स कारखान्यातच घासून निम्मी थकलेली असते. तलम रेशीम आणि पश्मिना तर महाग असूनही नाजूकच. टिकाऊपणा आतल्या बाजूला दिसतो. टाके जवळजवळ आहेत का, चौकडी शिवणीवर जुळली आहे का, आणि शिवणीच्या आत किती माया सोडली आहे. माया म्हणजे दाबात ठेवलेलं जादा कापड. ती असेल तर पुढे दोन किलो वाढले तरी शिंपी कपडा सैल करून देतो. नसेल तर पाच हजारांचा कुर्ताही एका दिवाळीपुरताच.

इथेच खरा हिशेब सुरू होतो. २०० रुपयांचा टॉप दोनदा घालून कपाटात पडला तर एका वेळेला १०० रुपये पडले. ४,००० रुपयांची पँट ८० वेळा घातली तर ५०. म्हणून मी पैसे अशा जागी घालते जिथे नंतर सहज दुरुस्ती होत नाही: चपला-बूट, पँट, कोट. कोटाची लांबी कमी करता येते, कंबर आवळता येते, पण खांदा मोठा असेल तर तो उसवून बसवणं म्हणजे कोट नव्यानं शिवण्यासारखं, आणि शिंपीही तोंड वाकडं करतो. शर्ट, ओढणी, स्कार्फ खुशाल स्वस्तात घ्यावेत. नीट बसणाऱ्या पँटवर दीडशेचा शर्ट कुणाला ओळखू येत नाही. ढगळ पँटवर तीन हजारांचा शर्ट मात्र लगेच केविलवाणा दिसतो.

जुन्या पैठणीच्या बाबतीत वेगळीच गल्लत होते. “सिल्क मार्क आहे म्हणजे जर चांदीची.” सिल्क मार्क फक्त रेशमाची ग्वाही देतो, जरीची नाही. पैठणीला २०१० साली मिळालेलं भौगोलिक मानांकन ती कुठली हे सांगतं, तिच्यात चांदी किती हे नाही. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा देतात. हल्लीच्या कित्येक साड्यांत तिच्या जागी तांबं किंवा चकाकणारी प्लास्टिकची पट्टी असते. रेशमाची खात्री करायची तर पदराच्या गोंड्यातला एक धागा जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर रेशीम, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

आजीची पैठणी मोडीत काढायची असेल तर जुनी जर घेणाऱ्याकडे जाण्याआधी सराफाला दाखवा. जरवाला ती चांदीसाठीच घेतो आणि रेशीम जाळून टाकतो. नसेल काढायची, तर तिच्यावर नवं महागडं ब्लाउज शिवायची गरज नाही. मी माझ्या आजीच्या पैठणीवर फुटपाथवरून १२० रुपयांना घेतलेला पांढरा सुती शर्ट घालते, कॉलर वर करून. आई अजून नाक मुरडते.