ग्रीन कार्डाची कागदपत्रं: शिक्का नको, पूर्ण अनुवाद हवा

अमेरिकेतल्या मुलाने आईवडिलांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज करायचं ठरवलं, की इथे पहिली धावपळ होते ती नोटरीकडे. मराठी जन्मदाखल्याचा अनुवाद नोटरीच्या शिक्क्याशिवाय चालत नाही, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं असतं. तशी अटच नाही. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, यूएससीआयएस, अनुवादकाकडून दोन गोष्टी लेखी मागतं: अनुवाद संपूर्ण आणि अचूक आहे, आणि तो करण्याइतपत दोन्ही भाषा आपल्याला येतात. खाली नाव, सही, पत्ता, तारीख. अनुवादक व्यावसायिकच हवा असंही नाही. कॅनडाचा नियम मात्र कडक आहे. तिथे नातेवाइकाने केलेला अनुवाद, तो स्वतः वकील असला तरी, चालत नाही.

संपूर्ण म्हणजे गोल शिक्क्यातली अक्षरं, समासातला शेरा, मागच्या बाजूची नोंदसुद्धा. जे वाचता येत नाही तिथे तसं लिहावं, अंदाजाने भरू नये. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते भल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीमुळे. दाखल्यावरची जन्मतारीख पासपोर्टपेक्षा वेगळी दिसली, की अनुवादक ती गुपचूप जुळवून देतो. मग मूळ कागद एक बोलतो, अनुवाद दुसरंच, आणि संशय प्रामाणिक माणसावर येतो. कृपा करून हे करू नका, करू देऊ नका. आहे तसा अनुवाद करून तफावतीचा खुलासा वेगळा जोडावा, किंवा चूक दाखल्यातच असेल तर ती जन्म-मृत्यू निबंधकाकडून रीतसर दुरुस्त करून घ्यावी.

दाखलाच नाही म्हणजे वाट बंद, हाही गैरसमज. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969चा कायदा महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970पासून लागू झाला. त्याआधीच्या अनेक जन्मांची, विशेषतः खेड्यांतल्या, नोंदच सापडत नाही. पण म्हणून थेट प्रतिज्ञापत्र करून भागत नाही. आधी नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र, सोबत शाळा सोडल्याचा दाखला. तोही नसेल तर, जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या आणि अर्जात पक्षकार नसलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रं. गावी आत्या किंवा मोठे चुलतभाऊ असतील, तर हे काम लांबणीवर टाकू नका.

अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून घेतल्या जाणाऱ्या सरकारी प्रमाणनासाठी, पैसे घालवायचीही गरज नाही. अर्जासोबत मूळ दाखला न पाठवता सुवाच्य झेरॉक्स पाठवावी. मूळ कागद मुलाखतीला बरोबर न्यायचे असतात.