किपास वापरताय? आवृत्ती एकदा तपासा

किपास हे कम्प्युटरवर पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. बँक, ईमेल, मुलांच्या स्कॉलरशिपचे पासवर्ड, सगळं एका मास्टर पासवर्डने उघडतं. मे २०२३ मध्ये त्यातली एक गळती उघड झाली.

मास्टर पासवर्ड टाइप करताना पडद्यावर फक्त ठिपके दिसत. पण प्रत्येक अक्षराची खूण कम्प्युटरच्या मेमरीत मागे राहत होती. त्या खुणांवरून पहिलं अक्षर सोडून बाकी पासवर्ड जुळवता येई. प्रोग्राम बंद केला तरी खुणा लगेच पुसल्या जात नसत. हायबरनेट केल्यास त्या हार्ड डिस्कवरही उतरू शकत.

घाबरू नका. हे दुरून, नुसत्या इंटरनेटवरून जमत नव्हतं. आधी कम्प्युटर चोराच्या हाती पडावा लागे किंवा त्यात व्हायरस शिरावा लागे. पण आपल्याकडे जुना कम्प्युटर दुरुस्तीला देतात, विकतात, म्हणून काळजी हवी.

जून २०२३ च्या २.५४ आवृत्तीत हा दोष दूर झाला. जुनी आवृत्ती असेल तर आजच अपडेट करा, कम्प्युटर रीस्टार्ट करा, मास्टर पासवर्ड बदला. आणि विकण्याआधी डिस्क पूर्ण पुसून घ्या. कुलूप मजबूत असून भागत नाही, किल्लीही सांभाळावी लागते.