भादव्यातली वर्गणी, दसऱ्यानंतरची वसुली

नांदेड जिल्ह्यातल्या भोकरसारख्या तालुक्याच्या गावात गणेश मंडळाचा जमाखर्च पिकाकडे बघून चालतो. गणपती बसतात तेव्हा सोयाबीन शेतात उभं असतं, कापूस लांबच. हातातला पैसा चार दिवसांपूर्वीच्या पोळ्यात गेलेला. मूग-उडीद पावसात सापडला नाही, तर तेवढाच काय तो आधार.

म्हणून पोरं पावती पुस्तक घेऊन आधी बाजारपेठेत शिरतात. आडत, किराणा, मेडिकल, कृषी सेवा केंद्र. पण केंद्रवाल्याचं खत-बियाणंसुद्धा गावोगाव उधारीवरच गेलेलं असतं. ‘पावती फाडा, माल आला की देतो,’ असं तो म्हणतो, आणि त्यात खोटं काही नसतं. मग मंडपवाला नि साउंडवालाही निम्म्या पैशांसाठी दसऱ्यापर्यंत थांबतात. निवडणूक जवळ आली की मात्र फ्लेक्सवर फोटो छापून घेणारे देणगीदार आपणहून येतात. एरवी दहा दुकानं फिरून जमेल तेवढं त्यातला एकजण देतो. हा पैसा मला तरी वर्गणी वाटत नाही.

सीमेपलीकडे तेलंगणात वेगळी तऱ्हा. हैदराबादजवळच्या बालापूरला गणपतीच्या लाडवाचा लिलाव 1994 साली 450 रुपयांवर सुटला. 2025 मध्ये तोच 35 लाखांवर गेला. भोकरही 1948 पर्यंत निजामाच्याच राज्यात होतं, पण इथल्या मंडळाची भिस्त पावती पुस्तकावर.

या पुस्तकामागे कायदा आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. अर्जासोबत ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं आणि मागच्या वर्षीचा हिशोब. उत्सवानंतर पुन्हा हिशोब. कागदावर जमा तेवढा खर्च, शिल्लक किरकोळ. ‘देतो’ म्हणालेल्यांच्या पावत्या मात्र खजिनदाराच्या गल्ल्यात पडून असतात. दुकानावर क्यूआर कोड लागला तरी खात्यात पैसा असल्याशिवाय तो काय करणार?

मधली तूट खजिनदार भरतो. म्हणून तो बहुधा स्वतःचं दुकान असलेलाच निवडतात. पुढच्या बैठकीत अध्यक्षपदाला तिघे इच्छुक असतात. खजिनदारासाठी मागच्याच दुकानदाराची मनधरणी करावी लागते, आणि तो आधी जुन्या पावत्यांचं विचारतो.