बोल्ट जड लागतोय? थांबा!
फॅक्टरीचं काडतूस म्हणजे बिनधोक, असं आपण धरून चालतो. बहुतेकदा ते खरंही असतं. .३०८ विंचेस्टर काडतुसासाठी सामी या अमेरिकी संस्थेने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. तरी एखाद्या फैरीनंतर रायफलच्या बोल्टचा दांडा उचलायला नेहमीपेक्षा जोर लागला, तर दाब जास्त चढला असू शकतो; पुढचं काडतूस भरू नका. अशा वेळी दांड्यावर हातोडी मारणारे महाभागही असतात. त्यांच्या शेजारी उभं राहू नये.

नळी सुरक्षित दिशेला ठेवून रायफल रिकामी करा आणि झाडलेल्या काडतुसाच्या केसचं बूड उजेडात धरा. पितळेवर इजेक्टरचा चकचकीत गोल ठसा उमटलाय? प्रायमर सैल झालाय, कडेने काजळी आलीय? मग लक्षण वाईट. नुसता चपटा प्रायमर मात्र फसवा. काहींचा धातूच मऊ असतो.

दोष दर वेळी काडतुसाचाच असतो असं नाही. नळीत राहिलेलं तेल-पाणी किंवा उन्हातल्या गाडीत तापलेला डबा, यांनीही दाब चढतो. म्हणून बोल्ट काढून नळीतून आरपार बघाच. झाडलेल्या केस, उरलेली काडतुसं आणि लॉट नंबर असलेला डबा जपून ठेवा, कंपनीला कळवताना तेच लागतं. तोवर त्या लॉटला हात लावायचा नाही आणि रायफल आधी गनस्मिथला दाखवायची.